चार देशांचं छत्र आणि माझा डावा डोळा

सोमवार, ३ फेब्रुवारी

हिने ही वही आणून दिली. म्हणाली, "एवढं मोठं काम मिळालंय, रोजचं लिहून ठेवा." वही चांगली जाड आहे, पण रेघा एकमेकींपासून भलत्याच लांब लांब, पहिलीतल्या मुलांना देतात तशा. दुकानात दुसरी नव्हती का, विचारलं तर म्हणे स्वस्त मिळाली. हिला स्वस्त दिसलं की पुढचं काही दिसत नाही.

तर काम असं. चार मित्रदेशांनी मिळून आकाशात एक छत्र उभारायचं ठरवलंय. शत्रूचं क्षेपणास्त्र निघालं की ते ओळखणारी रडारं आणि त्याला वाटेतच पाडणारी आपली क्षेपणास्त्रं, चौघांची मिळून. त्याचा एकत्र नकाशा हवाय, आणि तो हातानेच काढायचाय. कारण संगणकावर काढायचा तर कोणाच्या? थोरल्यांच्या (ही नावं माझी, सांगतो पुढे) संगणकाला कान असतात असं मधले म्हणतात, आणि मधल्यांचा संगणक निम्मा वेळ बंदच असतो असं जावई म्हणतात. शेवटी पेन्सिल, पारदर्शक कागद आणि एक म्हातारा आरेखक यांवर चौघांचं एकमत झालं. आरेखक म्हणजे मी. मैत्रीच्या कराराला बारा वर्षं झाली, त्यातलं हे पहिलं एकमत.

देशांना नावं मी माझ्यापुरती ठेवली आहेत. थोरले: पैसा त्यांचा, आवाज त्यांचा. मधले म्हणजे आम्हीच: कचेरी आमच्याकडे, म्हणून चहाही आमचा. जावई करारात उशिरा आले, त्यामुळे मान जास्त आणि रुसवा त्याहून जास्त. आणि धाकटी: एवढासा देश, त्यांच्या प्रतिनिधी एक बाई आहेत. प्रतिनिधींनाही मी त्याच नावांनी ओळखतो. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात, खरी नावं नीट कळतही नाहीत.

आता एक गोष्ट लिहितो, जी दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. माझा उजवा डोळा लहानपणापासून नावापुरता. सगळा कारभार डाव्याचा. आणि डाव्यात मोतीबिंदू झालाय. दोन गावं सोडून पलीकडच्या डॉक्टरांना गुपचूप दाखवला. म्हणाले, "पिकत चाललाय. लवकर काढून टाका, नाहीतर अवघड होईल." पण कचेरीचा नियम आहे: आरेखकाच्या दृष्टीत दोष आढळल्यास त्याच दिवशी घरी. निवृत्तीला चौदा महिने उरलेत. तेवढे कसेबसे रेटायचे. हिला सांगितलेलं नाही. हिला सांगितलं म्हणजे हिच्या भावाला कळलं, आणि त्याला कळल्यावर वेगळी दवंडी पिटायची गरज नसते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नकाशाचं काम सुरू झालं. खोलीला खिडकी नाही. मधोमध काचेचं टेबल, त्याच्या खाली दिवा. प्रतिनिधी आपला कागद कुलपाच्या पेटीतून आणतात, टेबलावर पसरतात, मी त्यावर माझा कागद ठेवून गिरवतो, ते डोळ्यांत तेल घालून बघतात आणि कागद परत पेटीत. जाताना पेन्सिली मोजतात. खोडरबराचा चुरासुद्धा पुडीत बांधून नेतात. आज थोरल्यांनी ती पुडी दोनदा मोजली. पुडी एकच होती.

प्रत्येक रडारला कुठेतरी आंधळा कोपरा असतोच. डोंगर आडवा आला की त्यामागचं दिसत नाही, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण थोरल्यांच्या कागदावर तसा एकही कोपरा नव्हता. मी सहज विचारलं, "साहेब, डोंगरामागचं?"

"आमच्याकडे डोंगर नाहीत."

त्यांच्या देशाच्या प्रत्येक टपाल तिकिटावर डोंगर आहे. मी गिरवायला लागलो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मधल्यांचा आणि जावयांचा कागद झाला. दोन्ही लख्ख, कुठे कोपरा म्हणून नाही. जावयांना आज टेबलाच्या दाराकडच्या बाजूची खुर्ची मिळाली, म्हणून ते अर्धा तास उभेच राहिले.

दुपारी बटणाची बैठक झाली. शत्रूचं क्षेपणास्त्र निघाल्यापासून पोहोचेपर्यंत अकरा मिनिटं लागतात. ते पाडायचं की नाही, यासाठी चारही राजधान्यांची संमती घ्यायला एकोणीस मिनिटं लागतात. थोरले म्हणाले, बटण आमच्याकडे ठेवा, आम्ही लगेच दाबू. मधले म्हणाले, तुम्ही दाबाल तुमच्यावर येत असेल तेव्हा. आमच्यावर येत असेल तेव्हा फोन उचलाल का? जावई म्हणाले, पाडल्यावर तुकडे कोणाच्या अंगणात पडणार ते आधी ठरू दे. बाई म्हणाल्या, "आमचा देश एवढासा आहे की तुकडे पडले तर देशच राहायचा नाही." मग कारखान्यांवरून जुंपली, क्षेपणास्त्रं कोणाच्या कारखान्यात बनवायची यावरून. शत्रूचा विषय निघायच्या आत चहाची वेळ झाली.

घरी येऊन हिला सांगितलं तर म्हणाली, "चौघं इतके शहाणे, आणि कोणी कोणाला मोकळेपणी सांगत नाही?" मी म्हटलं, राजकारण तुझ्या डोक्यावरून जाईल. टीव्ही केवढ्याने लावला होता हिने. भिंती हादरत होत्या.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

धाकट्या बाई आल्या. त्यांचा कागद फिकट, जुना, घडीवर झिजलेला. बाई चौघांत गरीब, पण वागायला सरळ. पुडी वगैरे काही नाही. गिरवून झाल्यावर डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं नीट घेतलंत ना? आमच्या वरिष्ठांनी किती रागावून शेवटी परवानगी दिली तेवढं मला ठाऊक."

मी म्हटलं, "बाई, तीस वर्षं हेच करतोय."

आज टेबलाखालचा दिवा बदललेला दिसला. आमच्या कचेरीच्या समन्वयक साहेबांनी बदलायला लावला म्हणे. उजेड बराच जास्त आहे. कारण विचारलं नाही. साहेबांना हल्ली उधळपट्टीची सवय लागलीये.

गुरुवार, २० फेब्रुवारी

एकत्र नकाशा चौघांसमोर मांडला. एक आंधळा कोपरा नाही! इतकं सुंदर छत्र जगात कोणाचं नसेल. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. अठ्ठावीसला चारही मंत्री येऊन सह्या करणार.

तेवढ्यात धाकट्या बाई उठल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "आमच्या कागदावर आम्ही आंधळा कोपरा दाखवला होता. निळ्या टिंबांनी. डोंगरापलीकडची तीन गावं. तुमच्यापैकी कोणीतरी तो झाकलात, बोलून न दाखवता. आम्ही हे विसरणार नाही."

थोरले म्हणाले, "मित्रांसाठी एवढं तर करतोच."

मधले म्हणाले, "आमच्या उत्तरेच्या रडारची ती कमाल."

जावई नुसते हसले. म्हणजे श्रेय घेतलं, पण नाकारायची वाट मोकळी ठेवली.

मी मात्र मनात म्हणत होतो, कुठली निळी टिंबं?

शनिवार, २२ फेब्रुवारी

दोन दिवस जेवण गोड लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोतीबिंदूत आधी निळा रंग फिका होतो. फिका कुठला, माझ्यापुरता पुसलाच गेला. जगातलं सगळ्यांत सुंदर छत्र तीन थापांनी आणि एका आजारी डोळ्याने झालंय.

बरं, नुसता कागद असता तर चाललं असतं. पण बाई काल जाता जाता म्हणाल्या, त्या तीन गावांतले धोक्याचे भोंगे आता काढून दुसरीकडे लावणार. छत्र आहे म्हटल्यावर भोंगा कशाला?

बोललो तर नोकरी जाते. नाही बोललो तर तीन गावांचा भोंगा जातो. चौदा महिन्यांचा हिशेब एका पारड्यात आणि शाळेत जाणारी पोरं दुसऱ्यात, असला तराजू देवाने माझ्यासारख्या भित्र्या माणसाच्या हातात का द्यावा, कळत नाही. मी भित्रा आहे हे इथे लिहितो. दुसरीकडे लिहिलेलं नाही.

हिने आज भाज्यांची यादी भिंतीवर लावलीये, एवढाल्या अक्षरांत. जाहिरात आहे की यादी?

सोमवार, २४ फेब्रुवारी

बोललो.

बैठक सुरू होताच उभा राहिलो. म्हटलं, "माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. मी तो लपवला. बाईंची टिंबं मला दिसलीच नाहीत. तो कोपरा कोणी झाकलेला नाही. कृपा करून भोंगे काढू नका."

तिन्ही उपकारकर्त्यांनी एकाच वेळी पाण्याचे पेले उचलले. बाईंनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली, आणि फोन करायला बाहेर गेल्या. साहेब म्हणाले, "तुमचं काय करायचं ते मंत्री गेल्यावर ठरवू. तोवर टिंबं नीट काढा." आवाजात राग नव्हता. तो ऐकायची तयारी करून आलो होतो, त्यामुळे चुकल्यासारखं झालं.

घरी हिला सांगितलं. मला वाटलं, रडेल, भांडेल. म्हणाली, "बरं. शस्त्रक्रियेला कधी जायचं?" आणि शुक्रवारची वेळ घेऊनही टाकली. फोन नंबर तोंडपाठ होता हिला. कमाल आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आजचा दिवस मी विसरणार नाही.

सकाळी थोरल्यांनी मला कागद ठेवायच्या कोठीत गाठलं. दार लावून घेतलं. "असं बघा, आता छत्रात एकट्या धाकटीचाच कोपरा दिसणार. नव्या रडारचा खर्च जिथे कोपरा दिसेल तिथेच होणार. आमच्याही दक्षिणेला एक किरकोळ कोपरा आहे. तेवढा दाखवा. पण बाकीच्यांना कळता कामा नये."

"साहेब, तुमच्याकडे डोंगर नाहीत ना?"

"टेकडी आहे हो!"

नकाशावर दाखवायचा आणि कोणाला दिसू द्यायचा नाही. मी म्हटलं, आधी इथे माझ्या कागदावर तुमच्या हाताने खूण करा, पुढचं बघू. त्यांनी केली, आणि माझ्याकडून आईची शपथ घेतली.

दुपारी लिफ्टमध्ये मधले. दोन मजल्यांच्या मधे बटण दाबून लिफ्ट थांबवली. तेच बोलणं, तीच खूण, तीच शपथ. वर म्हणाले, "तुम्ही तर आपल्याच देशाचे, तुम्हाला काय सांगायचं!" आमचा कोपरा बघितला तर त्याखाली बरोबर माझी सासुरवाडी. हिला सांगावं का, हा विचार डोक्यात आला. मेहुणा आठवला आणि बाजूला ठेवला.

संध्याकाळी जावई थेट घरी. हिने चहा दिला, त्यांनी कप लांब सारला, मग हिने पुढे केल्यावर घेतला. म्हणाले, "आमचा कोपरा सगळ्यांत लहान दाखवा." "सगळ्यांत म्हणजे? बाकी कोणाचे आहेत का?" असं मी साळसूदपणे विचारलं. ते ओशाळले आणि शपथेवर आले.

माझी आई जाऊन वीस वर्षं झाली. बिचारीला एका दिवसात तीनदा उठवलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सकाळी खोलीत एकटाच होतो. भिंग लावून चारही कोपरे एका कागदावर मांडले, दिवा लावला, आणि खुर्चीतच बसलो.

एकही कोपरा दुसऱ्यावर येत नाही! थोरल्यांची टेकडी धाकटीच्या त्या एवढ्याशा रडारला स्वच्छ दिसते. धाकटीची तीन गावं जावयांना दिसतात. जावयांचं मधल्यांना, मधल्यांचं थोरल्यांना. नवं रडार नको, नवा खर्च नको. एकमेकांना फक्त सांगितलं की छत्र पुरं. तीन देशांनी थापा मारून जो नकाशा केला होता, तो खरा होता!

आणि हे पृथ्वीतलावर मला एकट्याला ठाऊक आहे. एक डोळा नावापुरता, दुसरा कामातून गेलेला, वर तीन शपथा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

उद्या सकाळी नऊला शस्त्रक्रिया. उद्याच अकराला मंत्री.

संध्याकाळी पाचला आवरून निघालो. मंत्र्यांसाठीचा नकाशा गुंडाळून कपाटात ठेवला, आणि चार कोपऱ्यांचा माझा कागद टेबलावर राहिला. दिवाही चालू राहिला. विसरलो म्हणा. कोणी विचारलं तर सांगेन, मला दिसलं नाही. माझ्यावर अविश्वास दाखवायला आता कोणाला जागा नाही.

मी कोणालाच काही सांगितलेलं नाही. आई, ऐकत असशील तर लक्षात घे.

शनिवार, १ मार्च

हे मी लिहितेय, त्यांची बायको. डोळ्यावर पट्टी आहे, लिहायची मनाई आहे, म्हणून ते सांगतायत आणि मी उतरवून घेतेय. शस्त्रक्रिया छान झाली. (ते म्हणाले, "मी अजिबात घाबरलो नाही असं लिही." लिहिलं.)

काल संध्याकाळी समन्वयक साहेब भेटायला आले होते. मंत्री येण्याआधी नकाशा आणायला चौघं प्रतिनिधी त्या खोलीत गेले. टेबलावर दिवा चालू, वर कागद. थोरले म्हणाले, "मधल्यांचा कोपरा आम्हाला सहा वर्षांपासून माहीत आहे. पण आमचा इथे कोणी काढला?" मधले म्हणाले, "तुमची टेकडी आम्हाला तुमच्या आधीपासून माहीत आहे! आमचा कोणी काढला ते सांगा." जावयांनाही सगळ्यांचे माहीत होते. फक्त आपला कोणाला माहीत नाही असं प्रत्येकाला वाटत होतं.

मंत्री आले, जेवले, छायाचित्र काढलं. सही झाली नाही. हे गुपित कोणी फोडलं याची चौकशी करायला चौघांची संयुक्त समिती नेमली. ती मात्र पाच मिनिटांत, एकमताने.

(ते हिरमुसलेत. "म्हणजे सगळं फुकट गेलं," म्हणतायत.)

पण साहेबांनी जाता जाता सांगितलं, की जेवणानंतर जावई आपण होऊन धाकट्या बाईंकडे गेले आणि म्हणाले, "तुमची तीन गावं आमच्या पडद्यावर दिसतात. काही आलं तर फोन करू." कागदावर काही नाही. आणि थोरल्यांनी बाईंना विचारलं म्हणे, "सहज विचारतो, तुमच्या रडारला आमची टेकडी दिसते का?" भोंगे जागेवर आहेत.

आता ते औषधाने झोपलेत, तर दोन ओळी माझ्या. मला वर्षभरापासून ठाऊक आहे. दारावरच्या निळ्या पडद्याला करडा म्हणाले, त्या दिवसापासून. हे स्वतः होऊन कधी सांगतील म्हणून वाट बघत राहिले. ही लांब लांब रेघांची वही शोधायला चार दुकानं फिरले, आणि स्वस्त अजिबात नव्हती. मागची पानं मी वाचलेली नाहीत. माझ्या भावाबद्दलचं एवढं सोडून.

सोमवार, १० मार्च

पट्टी निघाली. पुन्हा माझ्या हाताने लिहितोय.

घरात शिरलो तर दारावर निळाभोर पडदा. मी म्हटलं, "नवा घेतलास?" ही नुसती बघत राहिली. मग आतून रडू आलं असावं, कारण फोडणीचं निमित्त करून आत गेली. मी मागोमाग गेलो. मलाही आलं. मला निळा रंग इतका आवडतो हे मी विसरूनच गेलो होतो.

नंतर वही उघडली तर हिच्या त्या दोन ओळी. म्हटलं, "एक वर्ष माहीत होतं, तर बोलली का नाहीस?"

"तुम्हीच सांगाल असं वाटत होतं. आणि मला कळलंय हे कळलं असतं, तर तुम्ही आणखी लपवलं असतं."

कचेरीत गेलो. निरोपाचं पत्र मिळणार म्हणून खणातली स्वतःची भिंगं पिशवीत भरली. साहेबांनी नियमांची चोपडी उघडली. "दृष्टीत दोष 'आढळल्यास' घरी, असं लिहिलंय. आम्हाला तो कधी आढळला नाही. तुम्ही सांगितलात. दोष आपणहून सांगणाऱ्याचं काय करायचं, यावर चोपडीत काही नाही, कारण असं आजवर कोणी केलेलं नाही." मग म्हणाले, "टेबलाचा दिवा मी दोनदा बदलला, ते तरी तुमच्या लक्षात यायला हवं होतं." नकाशा पुन्हा काढायचाय. चौघांनीही माझंच नाव दिलंय. तिसरं एकमत.

मी तर थक्क आहे. इतके हुशार देश, जवळच्यांपासून लपवायला जातात, आणि जवळच्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. एवढी साधी गोष्ट यांना कशी कळत नाही?

डॉक्टरांनी निघताना एक चिठ्ठी दिली. म्हणाले, डोळा उत्तम, आता कानही एकदा तपासून घ्या, मला तुम्हाला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. चिठ्ठी मी वरच्या खणात, मोज्यांखाली ठेवलीये. निवृत्तीला तेरा महिने राहिलेत, उगाच कशाला बभ्रा?

काळजी मला हिची वाटते. टीव्ही दिवसेंदिवस मोठ्याने लावते आणि माझ्याशी बोलतानाही ओरडून बोलते. कान गेले असावेत, आणि लपवतेय बिचारी. ती स्वतः होऊन सांगेपर्यंत मी काही बोलणार नाही.